‘एका तासात’ : मार्शल अर्जनसिंग यांची कारकीर्द आणि भूदल–हवाई दल समन्वयाचा प्रश्न (१९३८–१९६९)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या लष्करी इतिहासाचे लेखन बव्हंशी भूदलाच्या अंगाने झाले आहे. हवाई दलाच्या वाट्याला जे लेखन आले ते मुख्यतः गौरवपर चरित्रे, स्मरणिका आणि शौर्यकथा यांच्या स्वरूपाचे आहे. अशा लेखनात प्रसंग ठळक होतात. परंतु त्या प्रसंगांमागील संस्थात्मक कारणे झाकली जातात. मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स अर्जनसिंग (१९१९–२०१७) यांच्याविषयी सांगितला जाणारा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याच प्रकारचा आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागातील पाकिस्तानी चढाई रोखण्यासाठी हवाई दल किती वेळात कारवाई करू शकेल, असे संरक्षणमंत्र्यांनी विचारले असता ‘एका तासात’ असे उत्तर त्यांनी दिले आणि तासाभराच्या आत विमाने रणक्षेत्रावर पोहोचली, असा हा प्रसंग होय.

प्रसंग खरा आहे. तथापि त्यातून दोन प्रश्न उद्भवतात. असे उत्तर देण्याची पात्रता हवाई दल प्रमुखाच्या अंगी कशी आली? आणि युद्ध दाराशी येऊन ठेपले असताना असा प्रश्न विचारण्याची वेळ शासनावर का आली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्जनसिंग यांच्या वैमानिक म्हणून झालेल्या घडणीत सापडते, तर दुसऱ्याचे उत्तर दोन सैन्यदलांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते. प्रस्तुत निबंधात या दोन्ही अंगांनी त्यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

घोडदळाकडून विमानाकडे

अर्जनसिंग यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ रोजी तत्कालीन पंजाबमधील लायलपूर येथे झाला. (हे शहर आज फैसलाबाद या नावाने पाकिस्तानात आहे.) शालेय शिक्षण माँटगोमेरी येथे झाले. वडील, आजोबा आणि पणजोबा असे तिघेही ब्रिटिश भारतीय सैन्याच्या घोडदळात नोकरी केलेले होते. कालव्यांच्या पाण्यावर वसलेल्या पंजाबातील अनेक शीख कुटुंबांप्रमाणे शेती आणि सैनिकी सेवा ही या घराण्याचीही दुहेरी परंपरा होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९३८ मध्ये, त्यांची निवड इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी झाली. तेथे अभ्यासाइतकेच पोहणे, हॉकी व मैदानी खेळ यांतही त्यांनी नाव कमावले. डिसेंबर १९३९ मध्ये ते पायलट ऑफिसर झाले, तेव्हा युरोपात युद्ध सुरू होऊन चार महिनेही लोटले नव्हते.

ज्या हवाई दलात ते दाखल झाले त्याचे आकारमान ध्यानी घेतल्याशिवाय पुढील वाटचालीचा अर्थ लागत नाही. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने स्थापन झालेल्या या दलाचे पहिले स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिघ रोड येथे चार वापिटी विमानांसह उभे राहिले. महायुद्ध सुरू झाले तेव्हाही भारतीय हवाई दल म्हणजे हे एकच स्क्वाड्रन होते. ब्रिटिशांनी त्याला नेमून दिलेले काम ‘भूदलाशी सहकार्य’ एवढेच होते. शत्रूच्या हवाई दलाशी झुंजणे किंवा दूरच्या शहरांवर बाँबफेक करणे या कल्पना त्या योजनेत नव्हत्या. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांचा माग काढावा, डोंगरांतून चाललेल्या पलटणींना पुढील वाटेची खबर द्यावी आणि आवश्यक तेथे बाँब टाकावेत, असे ते काम होते. वसाहतीच्या हवाई दलाचे स्वरूप असेच असावे, ही राज्यकर्त्यांची सोय होती. मात्र या सोयीतून भारतीय वैमानिकांच्या पहिल्या पिढीला एक विशिष्ट दृष्टी लाभली. जमिनीवरचा सैनिक हेच या दृष्टीचे केंद्र होते.

अर्जनसिंग यांची पहिली नेमणूक याच क्र. १ स्क्वाड्रनमध्ये झाली. वापिटी हे उघड्या बैठकीचे, दुपंखी आणि त्या काळीही जुने झालेले विमान होते. वझिरिस्तानच्या डोंगराळ मुलखात टोळीवाल्यांच्या बंदुकीची गोळी लागून त्यांचे विमान निकामी झाले आणि ते त्यांनी एका कोरड्या नदीपात्रात उतरवले. आपटल्यामुळे त्यांच्या चेहऱ्याला जबर मार बसला. सोबतचा तोफची विमानातून उडी टाकून पळू लागला, तो नेमका टोळीवाल्यांच्याच दिशेने. त्याच्यामागे धावून अर्जनसिंगांनी त्याला माघारी फिरवले. या घटनेत शौर्याइतकेच प्रशिक्षणही आहे. आकाशातून जो प्रदेश नकाशासारखा दिसतो तोच पायाखाली आला की किती वेगळा असतो, याचा अनुभव तरुण वैमानिकाला सेवेच्या आरंभीच आला.

इंफाळ, १९४४

महायुद्धाच्या काळात क्र. १ स्क्वाड्रनला हरिकेन ही एकआसनी लढाऊ विमाने मिळाली आणि अर्जनसिंग स्क्वाड्रन लीडर म्हणून त्याचे प्रमुख झाले. त्यांचे वय तेव्हा पंचविशीच्या आतले होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे स्क्वाड्रन इंफाळच्या खोऱ्यात दाखल झाले. पुढच्याच महिन्यात जपानी सैन्याने चिंदविन नदी ओलांडून मणिपूर व नागा टेकड्यांवर मोठी चढाई केली. इंफाळला येणारा जमिनीवरचा मार्ग तुटला. २२ जून १९४४ रोजी तो पुन्हा खुला होईपर्यंत खोऱ्यातील सैन्याचे अन्न, दारूगोळा व औषधे केवळ विमानाने येत होती.

इंफाळच्या लढाईचे वर्णन करताना हरिकेनच्या तोफांचा उल्लेख प्रथम येतो. परंतु या स्क्वाड्रनचे मुख्य काम टेहळणीचे होते, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. दाट अरण्यातील पायवाटा, ओढ्यांवर रातोरात घातलेले पूल, खेचरांचे तांडे, फांद्यांनी झाकलेल्या गाड्या या सर्वांचा शोध फार खालून उडत घ्यावा लागे. उंचावरून काही दिसत नसे आणि खालून उडताना टेकड्यांवरील बंदुकांचा मारा जवळून होई. पाहिलेले लक्षात ठेवून, परत येताच भूदलाच्या अधिकाऱ्यापुढे नकाशावर बोट ठेवून सांगावे लागे. तेव्हा वैमानिक आणि पायदळाचा अधिकारी एकाच वेढ्यात अडकलेले होते. एकाच तळावर राहणारे, तुटपुंजे रेशन वाटून खाणारे आणि एकाच टेकडीवरच्या शत्रूकडे पाहणारे हे लोक होते. दोन दलांतील समन्वय येथे कागदावर ठरवावा लागला नाही. परिस्थितीनेच तो घडवून आणला.

सुमारे चौदा महिने हे स्क्वाड्रन या आघाडीवर राहिले. आग्नेय आशियातील दोस्तांचे सरसेनापती लॉर्ड माउंटबॅटन यांनी जून १९४४ मध्ये स्वतः इंफाळला येऊन अर्जनसिंगांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला. १९३३ मध्ये चार विमानांनी सुरू झालेले दल युद्धाच्या अखेरीस अनेक स्क्वाड्रनांचे झाले होते आणि मार्च १९४५ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधीही मिळाली.

फाळणी आणि जुने सहकारी

१५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्य सोहळ्यात दिल्लीवरून शंभराहून अधिक विमानांचे संचलन झाले. त्याचे नेतृत्व अर्जनसिंगांनी केले. ज्या पंजाबात ते जन्मले तो त्या दिवसांत पेटलेला होता आणि लायलपूर परदेशात गेले होते. ज्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांनी इंफाळला केले त्याची विमाने व सामग्रीही पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारतात क्र. १ स्क्वाड्रन १९५३ मध्ये नव्याने उभे राहिले. फाळणीचा विचार करताना घरे, जमिनी व कुटुंबे यांचीच चर्चा होते, आणि ते योग्यच आहे. तरीही एकत्र लढलेल्या वैमानिकांचे दोन परस्परविरोधी दलांत झालेले विभाजन हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय ठरावा.

या विभाजनाचा एक विलक्षण परिणाम एप्रिल १९६५ मध्ये दिसला. कच्छच्या रणात दोन्ही देशांचे भूदल समोरासमोर आले असता पाकिस्तानी हवाई दलाचे तत्कालीन प्रमुख असगर खान यांनी अर्जनसिंगांशी दूरध्वनीवरून थेट संपर्क साधला आणि दोन्ही हवाई दलांनी या संघर्षापासून दूर राहावे, असे सुचवले. दोघेही अविभाजित हवाई दलात एकाच काळात घडलेले अधिकारी होते. कच्छमध्ये दोन्ही बाजूंच्या लढाऊ विमानांनी हल्ले केले नाहीत. शत्रुराष्ट्राच्या हवाई दल प्रमुखाशी असे बोलता येणे ही त्या पिढीचीच गोष्ट होती. जुलै १९६५ मध्ये असगर खान निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नूर खान आले. तेही जुन्या हवाई दलातलेच होते. परंतु सप्टेंबरमध्ये दूरध्वनीने मिटण्यासारखे काही उरले नव्हते.

१९४७ नंतरच्या पंधरा वर्षांतील पदोन्नतीचा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. अंबाला तळाचे प्रमुखपद आणि १९४९ ते १९५२ व १९५७ ते १९६१ अशा दोन कालखंडांत लढाऊ दलांच्या मुख्य कमांडचे (पुढे हीच पश्चिम हवाई कमांड झाली) नेतृत्व, हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. पहिल्या तिन्ही हवाई दल प्रमुखांच्या पदावर ब्रिटिश अधिकारी होते. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी हे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतर अस्पी इंजिनिअर आणि १ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, अर्जनसिंग असा हा क्रम आहे.

मधल्या काळातील एका घटनेचा निर्देश मात्र अपरिहार्य आहे. १९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमानांचा आक्रमक वापर झालाच नाही. वाहतूक विमाने व हेलिकॉप्टरे यांनी लडाख आणि नेफामध्ये अतोनात कष्ट घेतले. परंतु हंटर व तूफानी विमाने तळांवरच राहिली. प्रत्युत्तरादाखल भारतीय शहरांवर हल्ले होतील, ही भीती या निर्णयामागे होती. इंफाळमध्ये वेढ्यातील सैन्याला विमानांनी कसे तारले हे पाहिलेले अधिकारी हवाई दलात असताना तवांग आणि वालाँगचे सैनिक हवाई मदतीविना मागे हटले. युद्धाच्या अखेरीस अर्जनसिंग हवाई दल उपप्रमुखांच्या फळीत आले. १९६३ मध्ये ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या हवाई दलांसमवेत भारतात झालेल्या ‘शिक्षा’ या संयुक्त सरावाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

१ सप्टेंबर १९६५

चीन युद्धातील पराभवानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी झाले, त्याचा हा संदर्भ. संरक्षणमंत्री म्हणून चव्हाणांपुढील एक काम सामग्री वाढवण्याचे होते. हवाई दल ४५ स्क्वाड्रनांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट त्या काळातले. दुसरे काम अधिक नाजूक होते. सेनाधिकारी आणि राजकीय नेतृत्व यांच्यातील तुटलेला विश्वास त्यांना पुन्हा जोडायचा होता.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पाकिस्तानी सैन्याने छांब भागात पॅटन रणगाड्यांसह चढाई केली. लक्ष्य होते चिनाब नदीवरील अखनूरचा पूल. तो पडता तर राजौरी व पूंछ येथील सैन्याची जम्मूशी असलेली वाट तुटली असती. समोर भारताची एक ब्रिगेड आणि हलके एएमएक्स रणगाडे एवढेच बळ होते. दुपारपर्यंत स्थिती बिकट झाली. सायंकाळच्या सुमारास भूदलप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी आणि अर्जनसिंग चव्हाणांसमोर बसले होते. हवाई दलाची मदत मागितली गेली, वेळ विचारला गेला आणि ‘एका तासात’ हे उत्तर आले. चव्हाणांनी अनुमती दिली. १९६२ मध्ये जो निर्णय महिनाभरात झाला नाही तो या बैठकीत काही मिनिटांत झाला, आणि त्याचे श्रेय उत्तर देणाऱ्याइतकेच अनुमती देणाऱ्यालाही द्यावयास हवे.

सायंकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून व्हॅम्पायर विमानांची पहिली तुकडी उडाली. व्हॅम्पायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातील आखणीचे, वेगाने मंद असे जेट विमान होते. पाकिस्तानी सेबर विमाने छांबच्या आकाशात आली आणि चार व्हॅम्पायर पडली. तीन वैमानिक परत आले नाहीत. त्यानंतर पश्चिम आघाडीवरून व्हॅम्पायर मागे घेण्यात आली. मिस्टियर विमानांनी सूर्यास्तापर्यंत रणगाड्यांवर हल्ले चालू ठेवले. धुळीत आणि मावळत्या उजेडात स्वकीय व परकीय यांतील फरक वरून नीट कळत नव्हता. काही मारा भारतीय रणगाड्यांवर आणि दारूगोळ्याच्या गाड्यांवरही झाला.

लोकप्रिय लेखनातून सहसा गळतो तो हाच भाग. तासाभरात विमाने पोहोचली, हे सिद्धतेचे लक्षण होय. परंतु मैत्रीपूर्ण सैन्य नेमके कोठे आहे, त्याने विमानांना कोणती खूण दाखवावी, आघाडीवर हवाई दलाचा नियंत्रक कोण, कोणत्या जातीची विमाने कोणत्या विमानांच्या संरक्षणाखाली जातील, हे आधी ठरलेले नसेल तर सिद्धतेची किंमत अशी मोजावी लागते. ऑगस्टच्या प्रारंभापासून काश्मीरमध्ये घुसखोरी चालू होती आणि छांबचा धोका अनपेक्षित नव्हता. तरीही दोन्ही दलांची मिळून केलेली योजना अस्तित्वात नव्हती. त्या वेळचे हवाई दलाचे उपप्रमुख प्रतापचंद्र लाल यांनी आपल्या आठवणींत या संयुक्त नियोजनाच्या अभावावर स्पष्टपणे टीका केली आहे. भूदलप्रमुखांचा कल युद्धयोजना आपल्यापाशीच ठेवण्याकडे होता. हवाई दलाकडे ते दूरवर पोहोचणारा तोफखाना म्हणून पाहत होते.

याचा सर्व दोष चौधरींवर ढकलून मोकळे होणे मात्र न्याय्य ठरणार नाही. हवाई दलाचे स्थान योजनेच्या मेजावर मिळवणे हे हवाई दल प्रमुखाचेही काम होते. भूदल हाक मारील आणि आपण धावून जाऊ, ही भूमिका अर्जनसिंगांच्या पिढीच्या अंगात मुरलेली होती. सरहद्दीवर व इंफाळला ती पुरेशीही ठरली होती. इंफाळला हाक मारणारा आणि धावणारा एकाच वेढ्यात होते. १९६५ मध्ये ते दिल्लीतील दोन स्वतंत्र मुख्यालयांत होते. ‘एका तासात’ या उत्तरात अर्जनसिंगांचे सामर्थ्य दिसते, तशी त्यांच्या घडणीची मर्यादाही दिसते.

पुढील घटनांवरून याला पुष्टी मिळते. ६ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय भूदलाने लाहोर आघाडी उघडली. शत्रुराष्ट्राची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडताना त्याच्या विमानतळांवर त्याच वेळी प्रहार करणे हे हवाई युद्धाचे प्राथमिक तत्त्व होय. परंतु त्या दिवशी भारतीय हवाई दल मुख्यतः भूदलाच्या साहाय्यास गुंतले. सायंकाळी पाकिस्तानी सेबरांनी पठाणकोटवर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली सुमारे दहा विमाने नष्ट केली. त्यांत नव्याने आलेली मिग-२१ विमानेही होती. ७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडे कलाईकुंडा तळावरही असाच आघात झाला. सरगोधावर भारतीय हल्ले झाले ते ७ तारखेच्या पहाटेपासून, म्हणजे एक दिवस उशिरा. आदमपूरहून सरगोधाकडे गेलेल्या मिस्टियर विमानांमध्ये क्र. १ स्क्वाड्रन होते. त्यातील स्क्वाड्रन लीडर देवय्या परत आले नाहीत. त्यांनी आपल्याहून कितीतरी वेगवान अशा स्टारफायटर विमानाशी झुंज दिली होती, हे पुढे पाकिस्तानी बाजूच्या माहितीतून उघड झाले आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अखनूर वाचले. त्यास पाकिस्तानने चढाईच्या मध्येच सेनापती बदलल्याने गेलेला वेळ आणि लाहोर आघाडी ही कारणे होतीच. तथापि पहिल्या सायंकाळच्या हवाई हल्ल्यांनी चढाईची गती मंदावली, हेही नाकारता येत नाही. ३ सप्टेंबरपासून छोट्या नॅट विमानांनी सेबरांना तोंड दिले आणि १ तारखेच्या हानीनंतर खचू पाहणारे मनोधैर्य सावरले. सामग्रीत सरस असलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर, पहिल्या आठवड्यातील आघातानंतरही दल उभे राहिले आणि २३ सप्टेंबरच्या शस्त्रसंधीपर्यंत लढत राहिले. विमानांच्या हानीचे दोन्ही देशांचे आकडे आजही जुळत नाहीत आणि त्यांवर फार विसंबण्यात अर्थ नाही. धक्का बसूनही दल विस्कळीत झाले नाही, यात प्रमुखाच्या शांत स्वभावाचा वाटा मोठा होता. प्रमुखपदी असतानाही स्वतः विमान चालवणारा, नवीन जातीच्या विमानात बसून पाहणारा हा अधिकारी तळांवरील वैमानिकांना आपल्यातला वाटत असे. कारकिर्दीत त्यांनी साठाहून अधिक प्रकारची विमाने चालवली.

युद्धानंतर

१९६५ मध्येच अर्जनसिंगांना पद्मविभूषण मिळाले. जानेवारी १९६६ मध्ये हवाई दल प्रमुखाचे पद एअर चीफ मार्शल या श्रेणीचे करण्यात आले आणि ही श्रेणी धारण करणारे ते पहिले भारतीय ठरले. हवाई दल प्रमुख आणि भूदलप्रमुख आता समान श्रेणीवर आले. ज्या युद्धात एका दलाला दुसऱ्याच्या योजनेची पूर्ण कल्पना नव्हती त्या युद्धानंतर अवघ्या चार महिन्यांत झालेल्या या बदलाकडे केवळ मानसन्मान म्हणून पाहता येत नाही. सोव्हिएत बनावटीच्या सुखोई-७ या जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या विमानांचा दलात समावेशही त्यांच्याच काळात, १९६८ मध्ये, झाला.

जुलै १९६९ मध्ये ते निवृत्त झाले आणि लाल प्रमुख झाले. आपल्या पूर्वसूरींचे उपप्रमुख म्हणून १९६५ चे सर्व काही जवळून पाहिलेल्या लाल यांनी अग्रक्रम लेखी स्पष्ट केले. देशाचे व स्वतःच्या तळांचे हवाई संरक्षण प्रथम आणि त्यानंतर लगेच भूदल व नौदलाला साहाय्य, असा तो क्रम होता. भूदलाच्या मुख्यालयांशी सल्लामसलतीची व्यवस्था आधीच बसवली गेली. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटवर पुन्हा हल्ला केला, तेव्हा तेथील विमाने उघड्यावर उभी नव्हती.

निवृत्तीनंतर अर्जनसिंग स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, केनियात उच्चायुक्त आणि १९८९–९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल होते. पुढे त्यांनी आपली शेती विकून हवाई दलाच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी दोन कोटी रुपयांचा निधी उभारला. माणेकशा यांना १९७३ मध्ये आणि करिअप्पा यांना १९८६ मध्ये फील्ड मार्शल करण्यात आले होते. हवाई दलातील समकक्ष पंचतारांकित श्रेणी अर्जनसिंगांना जानेवारी २००२ मध्ये, निवृत्तीनंतर तब्बल ३२ वर्षांनी, मिळाली. त्यांच्याखेरीज ती अन्य कोणास मिळालेली नाही. १६ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

निधनापूर्वी, १५ एप्रिल २०१६ रोजी, त्यांच्या सत्त्याण्णवाव्या वाढदिवशी पश्चिम बंगालमधील पानागढ येथील हवाई तळाला त्यांचे नाव देण्यात आले. हा तळ दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशची आघाडी चालू असताना दोस्तांनी वापरलेला आहे. तेथे ठेवलेल्या सी-१३०जे विमानांचे काम भूदलाच्या तुकड्या आणि त्यांची सामग्री पूर्व सीमेवर पोहोचवणे हे आहे.